विलंब वजा करून

सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. पँटला पाठीमागे खोचलेली लाकडी फूटपट्टी त्यांनी काढली, माझा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये उभी धरली आणि म्हणाले, "सोडली की पकडायची." आणि सोडली.

पट्टी सरळ खाली गेली, फरशीवर आपटली आणि माझ्या चपलेपाशी जाऊन थांबली. माझी बोटं होती तशीच होती.

"दिसली?" सरांनी विचारलं.

"हो."

"पडताना दिसली?"

"हो."

"मग?"

"आय थिंक... मला वाटलं, तुम्ही आधी नुसती दाखवताय."

"अगं, पट्टी आहे ती. ती दाखवत नसते, पडते."

पण ते रागावलेले नव्हते. उलट चांगलेच खुश दिसत होते. पट्टी उचलून, शर्टाला पुसून त्यांनी पुन्हा पाठीमागे खोचली. "बऱ्याच वर्षांत पट्टीच्या पलीकडचं गिऱ्हाईक आलं नव्हतं," ते म्हणाले. "या, चहा घ्या."

पुढे कळलं, ही पट्टी ते सगळ्यांवर चालवत. अलिबाग-रेवदंडा गाडीच्या कंडक्टरवर चालवली होती, बँकेच्या मॅनेजरवर चालवली होती, वेधशाळा बघायला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यावर तर त्याच्या हातात हार असताना चालवली होती. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा काय करतो, पगार किती, यातलं काहीच न विचारता सरांनी त्याला पडवीत नेलं आणि तीन वेळा पट्टी सोडली. तिन्ही वेळा त्यानं ती जवळजवळ एकाच रेघेवर पकडली. सर आत येऊन काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, म्हणाले, "मुलगा संथ आहे. पण एकसारखा संथ आहे. होकार दे." काकू ही गोष्ट सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "मलाही तेच वाटलं होतं. फक्त मला पट्टी लागली नाही."

चौलच्या पुढे एका टेकडीवर सूर्याचा अभ्यास करणारी ही वेधशाळा. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे समुद्र. मी भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रशिक्षणासाठी आम्ही तिघं तिथे राहायला गेलो होतो. ठाण्याचा ओंकार, श्रीवर्धनची फरहीन आणि पनवेलहून मी. शिकवायला सर. ते तिथले मुख्य निरीक्षक. आयुष्यभर दुर्बिणीच्या एकाच बाजूला बसल्यामुळे त्यांचा उजवा गाल डाव्यापेक्षा काळा झाला होता. समोरून बघितलं की दोन वेगळ्या माणसांचे अर्धे चेहरे जोडल्यासारखे वाटायचे, आणि दोन्ही अर्धे हसरे.

प्रशिक्षण संपलं की आमच्यातल्या एकाला हिवाळाभर तिथेच ठेवून घेणार होते, रोजचं सूर्याचं निरीक्षण करायला. नाव सर कळवणार होते. मला ती जागा हवी होती. हे मी फरहीनला सांगितलं नव्हतं, आणि ती तर माझ्याच खोलीत झोपायची. घरीही सांगितलं नव्हतं, कारण आधी सांगितलं की न मिळाल्यावर पुन्हा एकदा सांगावं लागतं. अडचण एवढीच होती की या कामात तोंड उघडावं लागे.

ते असं. दुर्बिणीतून एखादी गोष्ट दिसते आणि माणूस "दिसली" म्हणतो, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. हा विलंब प्रत्येकाचा वेगळा असतो. जुन्या काळचे निरीक्षक आपापला विलंब मोजून ठेवत आणि नोंदवलेल्या वेळेतून तो वजा करत. आता हे काम कॅमेरे करतात आणि वेधशाळेतही करत होते. पण सरांचं म्हणणं असं की विद्यार्थ्यानं आधी आपल्या डोळ्याला ओळखावं, मग यंत्राला. "कॅमेऱ्यालाही विलंब असतो," ते म्हणायचे. "फक्त तो लाजत नाही."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नसत. बघितलं असतं तर बरं झालं असतं. न बघता बोलले की जास्त लागतं.

आमचे विलंब मोजायला त्यांनी स्वतः एक यंत्र केलं होतं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बल्ब, झाकणाला गोल भोक. तो सूर्य. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटरवर एक काळा पुठ्ठा हळूहळू सरकत यायचा. तो चंद्र. पुठ्ठ्याची कड उजेडाला शिवली की आम्ही "लागलं" म्हणायचं. रोज सकाळी नाश्त्यानंतर तिघांचं हे ग्रहण व्हायचं.

फरहीनचा विलंब साधारण होता. ओंकारचा इतका कमी की कधीकधी तो शून्याच्याही खाली जायचा. म्हणजे पुठ्ठा शिवायच्या आधीच हा "लागलं" म्हणायचा.

"ओंकार," सर म्हणायचे, "तू निरीक्षण करतोस का भविष्य सांगतोस?"

"सर, येतोय हे दिसतंच ना."

"येतोय ते मलापण दिसतं. आला का?"

माझा विलंब सगळ्यांत मोठा. मला दिसायचं. मग मी पुन्हा बघायची. मग बाकीचे दोघं काही म्हणतायत का ते ऐकायची. मग म्हणायची, आणि तेही इतकं हळू की सर कानामागे हात धरायचे. काही दिवसांनी मी त्यांना गाठलं आणि आदल्या रात्री मनात पक्कं करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "सर, बोलण्याऐवजी बटण दाबलं तर चालेल का?"

सरांनी खरंच विचार केला. कुणी काही विचारलं की ते उत्तर देण्याआधी खरोखर विचार करायचे, ही त्यांची सवय मला फार आवडायची.

"बटण काय सांगणार? दाबलं, एवढंच," ते म्हणाले. "आवाजावरून मला कळतं, माणसाला दिसलंय का नुसतं वाटलंय. आणि तू उशिराची काळजी करू नकोस. उशीर चालेल. पण रोज तेवढाच उशीर कर. उशीर मला वजा करता येतो. लहर वजा करता येत नाही."

मग खिशातून चुरगळलेला कागद काढून त्यांनी माझे सगळ्या दिवसांचे आकडे दाखवले. खरंच, एकाखाली एक मांडलेले ते आकडे भावंडांसारखे दिसत होते. घाबरण्यातसुद्धा मी इतकी नियमित असेन असं मला वाटलं नव्हतं.

सरांची काही गोष्टींवर बंदी होती. खोडरबर बंद. पांढऱ्या कागदावर पडलेल्या सूर्याच्या प्रतिमेतले डाग आम्ही रोज पेन्सिलीनं काढायचो, आणि पहिल्याच दिवशी सरांनी आमची खोडरबरं गोळा करून कपाटात टाकली. त्या कपाटात आधीच्या कित्येक वर्षांच्या विद्यार्थ्यांची खोडरबरं होती. फळांच्या वासाची, कार्टूनची, एक क्रिकेटच्या बॅटीच्या आकाराचं. "चुकलं तर शेजारी बरोबर काढा," ते म्हणायचे. "चूकपण दिसू दे. तिलापण कुणीतरी बघितलंय."

दुसरी बंदी "आय थिंक"वर. मी इंग्रजी शाळेतली. माझं प्रत्येक वाक्य "आय थिंक"नं सुरू व्हायचं आणि "मे बी"नं संपायचं. सर म्हणाले, "ही दोन्ही बाहेर चपलांजवळ ठेवून येत जा. आत तीनच उत्तरं. दिसलं, नाही दिसलं, माहीत नाही. माहीत नाही म्हटलं तरी पूर्ण मार्क."

एकदा मी कागदावर एक नवा डाग काढला. गोल, छोटा, एकटाच. कुणालाच दिसला नव्हता, म्हणून मी मनातल्या मनात फुलले होते. सरांनी बघितलं आणि दुर्बिणीला बोटानं हळूच टिचकी मारली. सूर्याची प्रतिमा कागदावर थरथरली, तिच्यातले सगळे डाग थरथरले, माझा डाग मात्र जागच्या जागी. थोड्या वेळानं तो चालू लागला. मुंगी होती.

ओंकार खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. सरही हसले, पण मग त्यांनी माझ्या कागदावर त्या डागाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'मुंगी. जागा अचूक.' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

टिचकीची ही पद्धत ते माणसांवरही वापरायचे. कुणी फार रंगवून काही सांगायला लागलं की सर बोलणाऱ्याच्या खुर्चीला पायानं हलकेच धक्का देत. खरी गोष्ट असेल तर माणूस थरथरतो आणि गोष्ट त्याच्याबरोबर हलते, असं त्यांचं मत. राजकारणावर बोलणारे त्यांचे शेजारी म्हणे त्यांच्यासमोर उभ्यानंच बोलायचे.

आता सर निवृत्त होऊन माणगावकडे राहतात. मध्ये फोन केला तर "जय भीम, बोला" म्हणाले आणि मी नाव सांगायच्या आत ओळखलं. "तू फोनवरपण आधी श्वास घेतेस," म्हणाले. हल्ली नातवावर पट्टीचे प्रयोग चालू आहेत. नातू पट्टी पकडत नाही, खातो. ते आकडे सर वेगळे ठेवतात.

त्या वर्षी दिवाळीत खरं सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळकडे. सूर्य ग्रहणातच समुद्रात बुडणार होता. सरांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं, "हीच तुमची परीक्षा. ग्रहण लागतानाची वेळ तिघांनी तीन दुर्बिणींवर घ्यायची. त्यावरून मी नाव कळवणार."

त्या दिवशी स्वयंपाकघर पहाटेपासूनच बंद. आमचा स्वयंपाक करणाऱ्या मावशी चौलच्या, ग्रहण कडक पाळणाऱ्या. पाण्याच्या कळशीवर तुळशीची पानं ठेवून त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सरांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"व्हय सर, तुमीपन पाळता तं," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आमच्यात ग्रहण पाळत नाहीत. पोट भरलं की माझा विलंब वाढतो. मोजलाय मी."

"तेच ते. पाळायचं ते पाळायचं. कारन कायपन सांगा."

आम्हा तिघांना मात्र सरांनी स्वतः स्कूटरवर जाऊन रेवदंड्याहून वडापाव आणून दिले. त्यांना एकट्यांना उपाशी ठेवून आपण खाणं बरोबर वाटेना, म्हणून फरहीननं विचारलं, "सर, आम्हीपण नाही खाल्लं तर?"

"खा, खा. तुमचे विलंब मी खाल्लेल्या पोटी मोजलेत. आज उपाशी राहून घोळ घालू नका."

दुपारी अंगणात तीन छोट्या दुर्बिणी लागल्या. प्रत्येकीमागे पांढरा पुठ्ठा आणि त्यावर सूर्याची थाळीएवढी प्रतिमा. आमचे मोबाइल मावशींच्या तांदळाच्या रिकाम्या डब्यात जमा झाले. एका टेबलावर सेकंदासेकंदाला टिक करणारं घड्याळ आणि शेजारी रेकॉर्डर, म्हणजे टिकटिक आणि आमचे आवाज एकत्र नोंदले जातील. ग्रहण किती वाजून किती मिनिटांनी लागणार ते पेपरात आलं होतं. पण आमच्या टेकडीसाठीचा नेमका सेकंद सरांनी काढला होता आणि अंगणातल्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता. घड्याळाचा काटा आणि तो फळा आम्हाला तिघांनाही मान वर केली की दिसत होता.

वेळ जवळ आली. सर आमच्याकडे पाठ करून, हात मागे बांधून समुद्राकडे बघत उभे राहिले. सूर्य खाली उतरला होता, त्यामुळे पुठ्ठ्यावरची त्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलत होती. मी त्या कडेकडे बघत होते. टिक, टिक, टिक.

फळ्यावरची वेळ झाली आणि ओंकार म्हणाला, "लागलं." लगेच, त्याच्या शब्दाला चिकटून, फरहीन म्हणाली, "लागलं."

माझ्या पुठ्ठ्यावर सूर्य अख्खा होता.

मी डोळे मिटून उघडले. कड उकळत होती, पण पूर्ण होती. दुर्बीण नीट जुळवली नसेल. चुकीच्या बाजूला बघत असेन. मला कळत होतं की आता हळूच "लागलं" म्हटलं, तर सगळ्यांना माझा नेहमीचा उशीर वाटेल आणि कुणी काही विचारणार नाही. पण तोंडापर्यंत आलेला शब्द पुढे जाईना. मला दिसलं नव्हतं.

टिकटिक चालूच. ओंकारनं मान वळवली. "अगं, बोल ना," तो कुजबुजला. "कधीच लागलं." त्याच्या आवाजात खोडी नव्हती, काळजी होती. फरहीन डोळ्यांनीच काय झालं म्हणून विचारत होती. ती हिवाळ्याची जागा माझ्या हातून जाताना मला अगदी स्पष्ट दिसत होती. एकेका टिकबरोबर मी आणखी मूर्ख ठरत होते, आणि ते सगळं रेकॉर्ड होत होतं. गप्प राहणं मला आयुष्यात एवढं अवघड कधी गेलं नव्हतं.

मग कडेवर एका जागी उकळी थांबल्यासारखी वाटली. नखानं दाबल्याएवढी बारीक खोच. मी दुर्बिणीला टिचकी मारली. सूर्य थरथरला आणि खोच त्याच्याबरोबर थरथरली. मी पुन्हा एकदा बघितलं.

"लागलं," मी म्हणाले.

बहुधा किंचाळलेच. कारण आत देवापाशी बसलेल्या मावशींनी खिडकीआडून विचारलं, "काय झालं गो?"

सर वळले. दोन्ही गाल सारखेच उजळले होते. आधी ते ओंकारच्या पुठ्ठ्यापाशी गेले.

"ओंकार, तू लागलं म्हणालास तेव्हा काय दिसलं?"

"ग्रहण, सर."

"कुठे?"

ओंकारनं खोचेवर बोट ठेवलं. "इथे."

"हे आत्ताचं झालं. तेव्हा?"

ओंकारनं बोट मागे घेतलं. मग तो स्वतःच हसायला लागला. "तेव्हा फळा दिसला, सर."

"आणि तुला?"

"मला ओंकार ऐकू आला," फरहीन म्हणाली.

सर पायरीवर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. फळ्यावर त्यांनी मुद्दामच जवळजवळ एक मिनिट आधीची वेळ लिहिली होती. "माझ्या सरांनी माझ्यावर हेच केलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "आणि मी एवढ्या जोरात ओरडलो होतो की झाडावरचे कावळे उडाले. कड तर मी बघतच नव्हतो. मी फळ्यालाच ग्रहण लावलं." हे सांगताना त्यांना इतका आनंद होत होता की ओंकारलाही आपण चांगल्या माणसांच्या रांगेत बसलोय असं वाटलं असावं. तो त्या कावळ्यांचं पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

खोच वाढत गेली. तांबडा, एका बाजूनं खाल्लेला सूर्य पोफळींच्या शेंड्यांमागून पाण्याकडे उतरला. ग्रहणाचे चष्मे लावून आम्ही तिघं कुंपणाच्या भिंतीवर बसलो होतो आणि खाली वाडीत कुणीतरी न राहवून एक फटाका लावला. सूर्य पुरता बुडाल्यावर सर आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. माझी वेळ, तिच्यातून माझा विलंब वजा, आणि शेजारी मोठ्या दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची वेळ. दोन आकडे जवळजवळ एकावर एक बसले होते. दोनदा तपासलं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"तर मग," सर माझ्यासमोर उभे राहिले. "तुझं नाव कळवतोय. इथे हिवाळाभर एकटीनं राहून रोज..."

"हो," मी म्हणाले.

सर थांबले. त्यांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं, सर?"

"तुझा विलंब गेला कुठे?" ते म्हणाले. "एवढे दिवस मोजलेलं सगळं फुकट. उद्यापासून पुन्हा सुरुवात."